वैद्यकीय संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी धर्मादाय अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडी संपत आलेले, नुकतेच पोस्टडॉक झालेले आणि रुग्णसेवा सांभाळून संशोधनाकडे वळणारे डॉक्टर यांच्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. प्रत्येक संस्थेची नियमावली वेगळी असते आणि ती बदलतही राहते. त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची नियमावलीच प्रमाण माना.

धर्मादाय संस्था संशोधकाला पैसे का देते?

दात्यांनी ठरवून दिलेल्या हेतूसाठी. हा हेतू संस्थेच्या घटनेत किंवा मूळ दात्याच्या मृत्युपत्रात लिहिलेला असतो आणि विश्वस्तांना त्याबाहेर जाता येत नाही. कर्करोगासाठी जमवलेला पैसा हृदयविकारावर खर्च होऊ शकत नाही, मग प्रस्ताव कितीही चांगला असो. म्हणून जाहिरात हाती आली की रकमेआधी उद्दिष्ट वाचा.

मात्र हेतूचा अर्थ फार अरुंद घेण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९३८ साली स्थापन झालेल्या नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फन्टाइल पॅरालिसिसने लोकांच्या लहान लहान देणग्या जमवून जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीच्या कामाला पैसा पुरवला आणि १९५५ मध्ये ती लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. याच संस्थेची फेलोशिप जेम्स वॉटसन यांना मिळालेली होती. डीएनएच्या रचनेवरील १९५३ च्या शोधनिबंधात तिचा उल्लेख आहे. पोलिओसाठी दिलेल्या पैशावर पंचविशीतला एक संशोधक अगदी मूलभूत प्रश्न सोडवत होता. तुमचा प्रश्नही मूलभूत असू शकतो. त्याचे रोगाशी असलेले नाते मात्र अर्जात तुम्हालाच दाखवावे लागते, समीक्षक ते शोधत बसत नाहीत.

सगळ्या धर्मादाय संस्थांचा पैसा एकाच प्रकारचा असतो का?

नाही, आणि हा फरक अर्जदारांच्या सहसा लक्षात येत नाही. काही संस्था मोठ्या कायम निधीच्या उत्पन्नावर चालतात. हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रानुसार १९३६ मध्ये सुरू झालेली वेलकम ट्रस्ट किंवा १९५३ ची हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट ही त्याची उदाहरणे. अशा संस्था लांब मुदतीची बांधिलकी घेऊ शकतात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यूके यांसारख्या संस्था मुख्यतः दरवर्षी येणाऱ्या देणग्या आणि मृत्युपत्रांतून मिळणाऱ्या रकमांवर चालतात. २०२० च्या महासाथीत देणग्या घटल्या तेव्हा कॅन्सर रिसर्च यूकेला चालू अनुदानांनाही कात्री लावावी लागली होती. तिसरा गट छोट्या, एकाच आजारासाठी रुग्णांच्या कुटुंबीयांनी उभारलेल्या संस्थांचा. तिथे रक्कम लहान असते, पण अर्जदारही थोडे असतात आणि पायलट डेटा, म्हणजे छोट्या प्राथमिक प्रयोगाचे आकडे, जमवायला तेवढी रक्कम पुरते. पहिले अनुदान इथून घेऊन त्या डेटाच्या बळावर मोठ्या फेलोशिपकडे जाणे हा मार्ग आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो.

करिअरच्या सुरुवातीचा संशोधक नेमका कोणाला म्हणायचे?

वय कुठेच मोजत नाहीत असे नाही, पण हल्ली बहुतेक ठिकाणी पीएचडीनंतरची वर्षे मोजली जातात. उदाहरणार्थ, वेलकमच्या अर्ली-करिअर अवॉर्डसाठी पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ३ वर्षांपेक्षा जास्त नसावा अशी अपेक्षा आहे. ही मोजणी चुकल्यामुळेही अर्ज नाकारले जातात. तीन गोष्टी आधीच लेखी विचारून घ्या.

पहिली, घड्याळ कधीपासून सुरू होते. तोंडी परीक्षा मार्चमध्ये झाली आणि पदवी ऑक्टोबरमध्ये मिळाली तर मधले सात महिने कोणत्या बाजूला धरायचे, हे प्रत्येक संस्था वेगळे ठरवते. दुसरी, घड्याळ कधी थांबते: अर्जाच्या अंतिम तारखेला, की अनुदान सुरू होईल त्या दिवशी. तिसरी, कोणता काळ वगळला जातो. बाळंतपणाची रजा, आजारपण, घरच्यांची शुश्रूषा आणि निव्वळ रुग्णसेवेचे प्रशिक्षण बहुधा वगळतात आणि अर्धवेळ काम अर्धेच मोजतात. समजा मर्यादा ५ वर्षांची आहे. एखादीला पीएचडी होऊन ७ वर्षे झाली, त्यांपैकी १ वर्ष ती रजेवर होती आणि २ वर्षे अर्धवेळ कामावर. उरलेली ४ वर्षे पूर्णवेळ आणि अर्धवेळ कामाचे १ वर्ष मिळून तिचा हिशेब बरोबर ५ वर्षांचा होतो, म्हणजे ती पात्र आहे. स्वतःच कॅलेंडर पाहून अपात्र ठरवून घेणाऱ्या अनेकजणी आहेत, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते. संस्थेच्या कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल लिहिला तर उत्तर मिळते.

पीएचडी नसलेल्या डॉक्टरांना अर्ज करता येतो का?

येतो. डॉक्टरांसाठी पीएचडी करण्याचीच वेगळी फेलोशिप अनेक संस्था देतात. त्यात पगार, शुल्क आणि संशोधनाचा खर्च धरलेला असतो. रुग्णसेवेतून सुटलेला वेळ किती, हा तिथला निर्णायक प्रश्न असतो.

तयारी किती आधी सुरू करावी?

अंतिम तारखेच्या नऊ ते बारा महिने आधी. हे जास्त वाटते, पण उलटे मोजत गेले की वेळ कमीच आहे हे कळते. शेवटचे दोन ते चार आठवडे तुमचे नसतातच. अर्ज यजमान संस्थेच्या, म्हणजे जिथे राहून तुम्ही संशोधन करणार तिच्या, वित्त आणि संशोधन कार्यालयातून मंजूर होऊन जायचा असतो आणि त्यांची अंतर्गत तारीख आधीची असते. त्याआधीचा महिना शिफारसपत्रे, सहकाऱ्यांची संमतीपत्रे आणि खर्चाची दरपत्रके गोळा करण्यात जातो. त्याच्या आधीचे दोन महिने मसुदा किमान तीन जणांना वाचायला देऊन दुरुस्त करण्यासाठी ठेवा: एक तुमच्या विषयातला, एक शेजारच्या विषयातला आणि एक विज्ञानाबाहेरचा. त्याही आधी रुग्णांशी बोलणे, संख्याशास्त्रज्ञाला भेटणे आणि पायलट प्रयोग पूर्ण करणे. संख्याशास्त्रज्ञाकडे शेवटच्या आठवड्यात गेलात तर तो आकडा काढून देईल, पण आराखडा सुधारायची वेळ निघून गेलेली असेल.

आणखी एक अडचण: काही संस्था एका विद्यापीठातून मोजकेच अर्ज स्वीकारतात. तिथे आधी घरातच निवड होते आणि तिची तारीख बाहेरच्या जाहिरातीत नसते.

यजमान संस्थेच्या पत्रात काय असावे?

आकडे आणि वचने. ‘आम्ही या गुणी संशोधकाला पूर्ण पाठिंबा देऊ’ एवढेच लिहिलेले पत्र अर्जाला मारक ठरते, कारण संस्थेने मनावर घेतलेले नाही हे पॅनेलला, म्हणजे निवड करणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीला, त्यातून कळते. प्रयोगशाळेत किती जागा, कोणते उपकरण आठवड्याला किती तास, डॉक्टर असल्यास कामाच्या वेळेपैकी किती टक्के संशोधनासाठी राखीव (७५ ते ८० टक्के मागणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत), अध्यापनाचा भार किती आणि फेलोशिप संपल्यावर पुढे काय, हे पत्रात स्पष्ट हवे. पत्राचा मसुदा तुम्हीच करून विभागप्रमुखांकडे न्या. त्यात गैर काही नाही. प्रत्येक वचन प्रत्यक्षात पाळले जाणार आहे ना, हे मात्र विचारून घ्या. राखीव वेळ कागदावर ८० टक्के आणि प्रत्यक्षात आठवड्यातला एक दिवस, या कारणाने चांगल्या चांगल्या फेलोशिप वाया जातात.

प्रश्न माझा आहे की माझ्या मार्गदर्शकांचा, हे पॅनेल इतके का विचारते?

कारण ही फेलोशिप प्रकल्पापेक्षा माणसासाठी असते. पाच वर्षांनी हा संशोधक स्वतःच्या पायावर उभा राहील का, एवढेच पॅनेलला ठरवायचे असते. बाकी सगळे, म्हणजे प्रकाशने, पायलट डेटा आणि यजमान संस्था, त्या एका प्रश्नाचे पुरावे.

त्यामुळे मार्गदर्शकांच्या चालू प्रकल्पाचा पुढचा भाग म्हणून लिहिलेला अर्ज तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही मागे पडतो. उपाय असा: अर्जात एक छोटा परिच्छेद या वेगळेपणासाठीच ठेवा. कोणती कल्पना, पद्धत किंवा नमुनासंग्रह तुम्ही आणला, मार्गदर्शकांचे काम कुठे संपते आणि फेलोशिपनंतर या विषयाचा कोणता भाग तुमच्याकडे राहील, हे त्यात लिहा. मार्गदर्शकांच्या पत्रातही तीच सीमा आखलेली हवी. दोन्हीकडे वेगवेगळे लिहिले असेल तर मुलाखतीत ते निघतेच. हे बोलणे अवघड असते, विशेषतः ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्याशी, पण अर्ज करण्याआधीच ते व्हायला हवे. अनुदान मिळाल्यावर नमुने कोणाचे यावरून वाद झाला तर नुकसान नवोदिताचेच जास्त होते.

नमुनासंख्येवर इतके अर्ज का पडतात?

कारण आकडा सूत्रातून काढलेला असतो, पण तेवढे रुग्ण कुठून येणार याचा विचार केलेला नसतो. एक पूर्ण उदाहरण पाहू.

दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे किती विखुरलेले आहेत त्याचे माप) फरक ओळखायचा आहे, पॉवर (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची मान्य केलेली शक्यता) ५ टक्के. यासाठी प्रत्येक गटात ६४ जण लागतात. २० टक्के लोक मध्येच सोडून जातील असे धरले तर बरेच जण ६४ ला १.२ ने गुणून ७७ लिहितात. हे चूक आहे: ७७ मधून २० टक्के गळाले की जेमतेम ६१-६२ उरतात. ६४ ला ०.८ ने भागायचे, म्हणजे प्रत्येक गटात ८० आणि एकूण १६०.

आता भरती. त्या आजाराचे महिन्याला २० रुग्ण येतात, निम्मे निकषांत बसतात आणि त्यांतले निम्मे संमती देतात असे समजू. हाती महिन्याला ५ जण येतात. १६० जणांना ३२ महिने लागतील. नैतिकता समितीची मंजुरी, करार आणि नेमणुका यांत पहिले ६ महिने गेले तर शेवटचा रुग्ण ३८ व्या महिन्यात दाखल होईल. त्याचा ६ महिने पाठपुरावा करायचा असेल तर ४४. तीन वर्षांच्या, म्हणजे ३६ महिन्यांच्या अनुदानात हे बसत नाही आणि पॅनेलमधला अनुभवी सदस्य हे गणित मनातल्या मनात अर्ध्या मिनिटात करतो. वाटा तीनच आहेत: दुसरे केंद्र जोडा, प्रश्न लहान करा, किंवा अधिक अचूक मोजमाप निवडा, म्हणजे विचलन कमी होऊन कमी लोकांत भागेल. भरतीचा वेग फुगवून लिहू नका. गेल्या वर्षीच्या नोंदवहीतून खरा आकडा काढा आणि तो अर्जात द्या.

प्रयोगशाळेतल्या कामाला हाच नियम वेगळ्या रूपात लागतो. तीन उंदरांच्या प्रत्येकी शंभर पेशी मोजल्या तर नमुना तीनशेचा होत नाही, तीनचाच राहतो.

दुसरे उद्दिष्ट पहिल्यावर अवलंबून असले तर चालते का?

टाळा. पहिला प्रयोग फसला की सगळाच आराखडा कोसळतो आणि समीक्षक नेमके हेच लिहितात. उद्दिष्टे एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी जाणारी असावीत. जिथे अवलंबून राहणे अटळ आहे तिथे कोणत्या महिन्यात, कोणता निकाल पाहून, कोणता पर्यायी मार्ग घ्याल ते लिहा. ‘अडचण आल्यास पर्यायी पद्धत वापरू’ हे वाक्य असून नसल्यासारखे आहे.

अंदाजपत्रकात काय सुटते?

पगारवाढ सर्वांत आधी. पहिल्या वर्षाचा पगार १०० धरा. दरवर्षी ५ टक्के वाढ असेल तर चार वर्षांचे ४०० होत नाहीत, सुमारे ४३१ होतात. ही तूट नंतर रसायनांच्या रकमेतून भरली जाते आणि शेवटच्या वर्षीचे प्रयोग अर्धवट राहतात. त्याशिवाय मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह किंवा विम्याचा हिस्सा, आयात साहित्यावरील कर, उपकरणांची देखभाल, डेटा साठवण्याचा खर्च, संमतीपत्रांचे भाषांतर, सहभागी रुग्णांचा प्रवासखर्च आणि सल्ला देणाऱ्या रुग्णांच्या वेळेचे मानधन या गोष्टी विसरल्या जातात.

वीज, इमारत, प्रशासन यांचा खर्च अनेक धर्मादाय संस्था देत नाहीत किंवा त्यावर मर्यादा घालतात. तुमच्या विद्यापीठाला हे मान्य आहे का, ते आधीच विचारा. शेवटच्या दिवशी वित्त कार्यालयाने अर्ज अडवण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

कमी रक्कम मागितली की निवडीची शक्यता वाढते हा गैरसमज आहे. वेलकमच्या अर्ली-करिअर अवॉर्डमध्ये पगाराव्यतिरिक्त संशोधन खर्चासाठी ४ लाख पौंडांपर्यंत मागता येतात, म्हणून कोणी सरसकट तेवढे मागते, कोणी संकोचाने निम्मे. दोन्हींमागे हिशेब नसेल तर दोन्ही सारखेच संशयास्पद दिसतात. प्रत्येक ओळ कोणत्या प्रयोगासाठी आहे, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

सामान्य वाचकांसाठीचा सारांश खरोखर कोणी वाचते का?

वाचते, आणि त्याला गुणही देते. रुग्णांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्थांत, उदाहरणार्थ ब्रिटनमधल्या अल्झायमर्स सोसायटीत, आजाराचा स्वतः किंवा घरात अनुभव असलेले स्वयंसेवक अर्जांचे मूल्यमापन करतात. ज्याच्या आईला हा आजार आहे तो माणूस तुमचा सारांश वाचतो आहे, हे मनात ठेवून लिहा.

साधारण २०० ते ३०० शब्दांत चार गोष्टी याव्यात: आजाराने माणसाचे काय होते, अजून काय कळलेले नाही, तुम्ही काय करणार, आणि त्याचा उपयोग कधी व कोणाला होऊ शकेल. उपचार सापडेल असे वचन देऊ नका. उपयोग व्हायला दहा-पंधरा वर्षे लागणार असतील तर तसेच सांगा. दाते आणि रुग्ण समजूतदार असतात, फसवले गेल्याची भावना मात्र ते विसरत नाहीत. तांत्रिक सारांशातले शब्द सोपे करून हा सारांश तयार होत नाही, तो कोऱ्या कागदावर नव्याने लिहावा लागतो. लिहून झाल्यावर विज्ञानाबाहेरच्या एखाद्याला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य बदला.

निवड कशी होते?

आधी कार्यालयात पात्रता तपासतात. मग बाहेरचे समीक्षक लेखी मत देतात, काही ठिकाणी त्यावर तुम्हाला उत्तर देण्याची संधी मिळते. त्यानंतर पॅनेल बसते. पॅनेलमधल्या सगळ्यांनी तुमचा अर्ज बारकाईने वाचलेला नसतो. दोन-तीन सदस्यांकडे तो नेमून दिलेला असतो आणि ते इतरांना तो समजावून सांगतात. तो सदस्य तुमच्या अगदी जवळच्या विषयातला असेलच असे नाही. म्हणून पहिले पान असे लिहा की त्यावरून दोन मिनिटांत दुसऱ्याला सांगता येईल.

निधीरेषेच्या, म्हणजे ज्या गुणांपर्यंत पैसा पुरतो त्या सीमेच्या, आसपासचे अर्ज गुणवत्तेत इतके जवळजवळ असतात की त्यांतून निवड करणे अवघड जाते. जर्मनीतील फोक्सवॅगन फाउंडेशनने २०१७ पासून आपल्या ‘एक्सपेरिमेंट’ योजनेत पात्र अर्जांतून काहींची निवड सोडतीने करून पाहिली, ती याच कारणाने.

मोठ्या नियतकालिकात निबंध नसेल तर?

अर्ज जरूर करा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मांडलेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्यावर अनेक मोठ्या धर्मादाय संस्थांनी सही केली आहे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावरून) संशोधकाची किंमत करू नये, असे तो सांगतो. निबंधात तुमचा वाटा कोणता होता ते एका वाक्यात लिहा. डेटासंच, संगणक प्रणाली आणि प्रीप्रिंटही (समीक्षेआधीच खुले केलेले निबंध) नोंदवा.

मुलाखतीत काय विचारतात?

पाच ते दहा मिनिटांचे सादरीकरण आणि वीस-पंचवीस मिनिटे प्रश्न, असे स्वरूप बहुधा असते. हे काम इथेच का, पहिला प्रयोग फसला तर काय, दुसरी प्रयोगशाळा आधी पोहोचली तर काय, निम्मीच रक्कम मिळाली तर कोणता भाग सोडाल, आणि मार्गदर्शक उद्या दुसरीकडे गेले तर काय कराल, हे प्रश्न ठरलेले समजा. सराव तुमच्या विषयाबाहेरच्या ज्येष्ठांसमोर करा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि ती कशी शोधाल ते सांगा.

एकाच वेळी दोन संस्थांकडे अर्ज करता येतो का?

बहुतेक ठिकाणी येतो, लपवता मात्र येत नाही. एकाच कामासाठी दोघांकडून पैसा घेणे हा नियमभंग आहे. पगार एकीकडून आणि वेगळा प्रयोग दुसरीकडून, असे चालू शकते. कामाची विभागणी लेखी ठेवा. तंबाखू उद्योगाकडून पैसा घेतला असेल तर आरोग्यक्षेत्रातल्या काही संस्थांची दारे बंद होतात, तेही आधी तपासा.

अनुदान मंजूर झाल्यावर कुठे चूक होते?

सुरुवातीलाच. नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय रुग्णांशी संबंधित खर्चाची रक्कम सुटत नाही, पण अनुदानाचे महिने मात्र संपू लागतात. सुरुवातीची तारीख पुढे ढकलून मिळत असेल तर मागा. शोधातून पेटंट निघण्याची शक्यता असेल तर संस्थेची लेखी परवानगी लागते आणि उत्पन्नात तिचा वाटा असू शकतो. परिषदेत पोस्टर लावण्यापूर्वी हे पाहा, कारण अनेक देशांत आधी जाहीर झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही. निबंध सर्वांना मोफत वाचता यावा ही अटही आता सर्रास असते. वेलकमने २०२१ पासून तो प्रसिद्ध होताच खुला असावा असा नियम केला आहे.

रजा किंवा भरतीच्या विलंबामुळे मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याच्या किमान तीन-चार महिने आधी मागा. जादा पैसे न मागता केलेली विनंती सहसा मान्य होते. नोकरी बदलली तर फेलोशिप बहुधा सोबत नेता येते, पण दोन्ही संस्थांचे करार व्हायला काही महिने जातात आणि अनुदानातून घेतलेली उपकरणे नेता येतील की नाही ते जुन्या संस्थेशी ठरवावे लागते.

नकार आला तर?

आधी दोन आठवडे अभिप्राय बाजूला ठेवा. मग त्याचे दोन भाग करा: समीक्षकाला न समजलेले आणि समजूनही न पटलेले. पहिल्यासाठी लेखन बदलावे लागते, दुसऱ्यासाठी आराखडा. दोन समीक्षकांनी एकच मुद्दा मांडला असेल तर तो खरा धरून चाला.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (२०१८) नवोदितांच्या अनुदानात निधीरेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्यांची तुलना केली गेली. गुणांत जवळपास फरक नसताना वरच्यांना पुढच्या आठ वर्षांत दुपटीहून अधिक निधी मिळाला. या दरीचे एक कारण असे की, नकार मिळालेल्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. अमेरिकेतील सरकारी अनुदानांच्या अर्जदारांवरील २०१९ च्या अभ्यासात थोडक्यात हुकलेल्यांपैकी काहींनी क्षेत्रच सोडले, पण जे टिकून राहिले त्यांचे पुढचे काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरले. म्हणून आमचा आग्रह आहे की पहिला अर्ज पाठवतानाच पुढच्या दोन संस्थांची नावे आणि तारखा लिहून ठेवा. तोच अर्ज पुन्हा पाठवता येतो का, किती काळाने, आणि केलेले बदल कसे दाखवायचे, याचे नियमही त्याच वेळी पाहून घ्या.

एखादी अनोळखी संस्था खरी आहे हे कसे ओळखावे?

त्या देशाच्या धर्मादाय नियामकाकडे तिची नोंदणी पाहा, वार्षिक हिशेब वाचा आणि आधी अनुदान मिळालेल्यांची यादी शोधून त्यांपैकी एखाद्याला ईमेल करा. ब्रिटनमध्ये असोसिएशन ऑफ मेडिकल रिसर्च चॅरिटीजचे सभासदत्व ही चांगली खूण आहे, कारण तज्ज्ञांकडून समीक्षा करून घेणे ही त्या सभासदत्वाची अट आहे. अनुदान मंजूर झाल्याचे कळवून आधी ‘प्रक्रिया शुल्क’ मागणाऱ्याला पैसे देऊ नका, ते पत्र आपल्या संशोधन कार्यालयाकडे पाठवा.